हवाईचा मासा, सालमियाचं पाणी

सालमिया, कुवेत
१३ सप्टेंबर १९८३

विजया,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. हे कामाचं पत्र आहे.

तुझा मासा जेवत नाही.

'तुझा' म्हणायचं कारण एवढंच की या घरात त्याला सगळे 'विजूताईचा मासा' म्हणतात. करंगळीपेक्षा थोडा मोठा. डोकं पिवळं, मधून काळा पट्टा, शेपटीकडे जांभळा. असल्या रंगाचं लुगडं अलिबागच्या बाजारात कुणी फुकट दिलं तरी मी घेतलं नसतं. हा मासा हवाई बेटांच्या आसपास सापडतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि तू त्याच्यावरच प्रबंध लिहिते आहेस, ही माहिती तुझ्या भावाला, उदयला, आलेल्या पत्रांतून मला मिळाली. मला सहा वर्षांत एक ओळ आलेली नाही. 'मला पत्र लिहू नकोस' असं मी म्हटलं होतं, हे मला मान्य आहे. साखरपुडा ठरलेला असताना मुलगी मासे बघायला पॅसिफिकात निघाली, तर आईने काय म्हणायचं असतं? पण तू शाळेत तरी कधी इतकी आज्ञाधारक नव्हतीस.

असो. हा मासा आमच्याकडे कसा आला ते सांगते. मिरकाबच्या ज्या दवाखान्यात उदय एक्स-रे काढतो तो दवाखाना डॉक्टर लैला यांचा. त्या उदयच्या कफील. म्हणजे त्यांच्या सहीवर उदयचा इकामा, इथे राहायचा परवाना, आणि उदयच्या इकाम्यावर माझा. त्यांच्या भावाने, कमालने, हा मासा होनोलुलूहून प्लास्टिकच्या पिशवीत मांडीवर घेऊन आणला. आईच्या ऑपरेशनसाठी लैलाबाई लंडनला गेल्या आणि जाताना खाऱ्या पाण्याची काचेची अख्खी टाकी आमच्या दिवाणखान्यात ठेवून गेल्या. "उदय, तू माझ्याकडचा सगळ्यांत काळजी घेणारा माणूस आहेस," असं त्या म्हणाल्या. उदय आठवडाभर छाती काढून हिंडत होता. त्याचा इकामा ऑक्टोबरात संपतो. बाई त्याच सुमाराला परत येतील. मासा मेला तर सही होईल का, हा प्रश्न या घरात कुणी मोठ्याने विचारत नाही. उदय सांगतो की बाईंचा जुना ड्रायव्हर एका फुलदाणीपायी गेला.

आता ऐक, आणि हसू नकोस.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. तुझी भावजय नीला रजेवरून येताना शाडू घेऊन आली होती. कस्टमवाल्याला सांगितलं, चेहऱ्याला लावायची माती. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जाऊ दिलं. तिने वीतभर मूर्ती केली, रंगवली, छान केली. इथे विसर्जन बादलीत करायचं आणि माती गॅलरीतल्या कुंड्यांना घालायची, अशी आमची रीत. आरतीला वरच्या मजल्यावरचे हरिश्चंद्र पाटणकर आले होते. अकौंटंट आहेत. स्वतःला सालमियाच्या समस्त मराठी मंडळींचे उपाध्याय समजतात. मी स्वयंपाकघरात शिदोरीचे दहीपोहे कालवत होते. बाहेरून दबक्या आवाजात 'मोरया, मोरया' ऐकू आलं. इथे मोठ्याने ओरडत नाहीत. मला वाटलं, बादली आली.

बाहेर येऊन पाहते तर बाप्पा टाकीत. पोवळ्यांच्या मधोमध, मखरात बसावा तसा.

"अहो, हे काय केलंत?"

"वहिनी, घरात साक्षात समुद्र असताना देवाला नळाच्या पाण्यात बुडवायचं? इथलं नळाचं पाणी म्हणजे मीठ काढून घेतलेला समुद्र. त्यात काय राम आहे?"

आणि तुझा तो मासा सोंडेपाशी गेला, कानापाशी गेला, पोटावरून फिरला. पाटणकरांनी हात जोडले. "बघा, बघा! प्रदक्षिणा घालतोय!"

दुसऱ्या प्रदक्षिणेला शाडू सुटायला लागली. तिसरी कुणाला दिसली नाही, कारण टाकीचं ताक झालं होतं.

मी मूर्ती उचलून बादलीत ठेवली. पाटणकर म्हणाले, "विसर्जन झालेला देव बाहेर काढायचा नसतो." मी म्हटलं, "मग तुम्ही आत बसा त्याच्या सोबतीला." शेजारची जमिला प्रसादाला आली होती. ती रत्नागिरीची, आणि एरवी सगळ्या प्रकरणाकडे स्वयंपाकाच्या नजरेने बघते. तिने पदर खोचला. तिच्या नवऱ्याने, रफीकने, गल्लीच्या टोकाच्या समुद्रातून डबे भरभरून पाणी आणलं. दोन मोठे मासे, एक निळा आणि एक तपकिरी ठिपक्यांचा, आम्ही न्हाणीघरातल्या टबात टाकले. एवढी गडबड होऊनही एकही मेला नाही. टाकी धुतली, पंप धुतला, पाणी तीनदा गाळून भरलं. त्या स्वच्छ टाकीत तुझा एकटा मासा सोडला, कारण मोलाचा तोच. त्याला पुन्हा त्या धटिंगणांच्या तोंडी कशाला द्यायचं? तो निळा तर अधूनमधून जबडा उघडून उभा राहायचा आणि हा वेडा आत शिरायचा. मी स्वतः पाहिलं आहे. पस्तीस वर्षं शाळा चालवली. कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही हे मला कळतं.

टाकी आता आरशासारखी आहे. मासा जेवत नाही. कोळंबी बारीक चिरून टाकली, अंड्याचा बलक टाकला, दुकानातले दाणे टाकले. तो कोपऱ्यात उभा. पोट आत गेलं आहे. जमिला म्हणते, "बाई, घाबरू नका. हा मेला तरी कालवणाला पुरायचा नाय, म्हणजे कुणी खाल्ला असा आळ तरी यायचा नाय." हिला विनोद सुचतात.

काय खातो, ते कळव. ताबडतोब. उदय फोन करू म्हणतो. मी नको म्हटलं आहे. फोनवर माणसं भलतंच बोलतात.

आई


१५ सप्टेंबर १९८३

विजया,

वरचं पत्र पोस्टात पडलंच नव्हतं. ते यासोबतच पाठवते आहे. लिहिलेलं फाडायची मला सवय नाही.

उदयने फोन लावला तेव्हा मी आंघोळीला गेले होते, हे तुला माहीत असावं म्हणून सांगते. बाहेर आले तर रिसीव्हर माझ्या कानाला. इकडे बुधवारची सकाळ, तुझ्याकडे मंगळवारची संध्याकाळ. तू अजून कालच्यातच होतीस.

सहा वर्षांनी आईचा आवाज ऐकून मुलीचं पहिलं वाक्य काय? "बाकीचे मासे कुठे आहेत?"

मी 'कशी आहेस' असं विचारणार होते. ते राहून गेलं. टबात आहेत म्हटलं. तू म्हणालीस, "ते टबाच्या कडेला अंग घासतात का?" मी म्हटलं, घासतात, आम्हाला वाटलं मस्ती करतात. मग तू जे हसलीस ते मला मुळीच आवडलं नाही. पण ते तुझंच हसणं होतं. फोन दुसऱ्या कुणी उचलला असेल अशी जी शंका होती ती गेली.

तू सांगितलंस ते मी नीलाला आणि जमिलाला जसंच्या तसं सांगितलं. हा मासा दाणे खात नाही, कोळंबी खात नाही. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे बारीक किडे, मेलेली कातडी, चिकटा, हेच त्याचं जेवण. मोठा मासा जबडा उघडतो तो त्याला गिळायला नव्हे, दात साफ करून घ्यायला. म्हणजे आम्ही त्याला चकचकीत पाण्यात, पंचतारांकित थाटात एकटा ठेवून उपाशी मारत होतो. बाप्पाच्या सोंडेभोवतीही तो भक्तीने फिरत नव्हता. एवढा मोठा मासा आला, तर कान तपासून घ्यावेत, असा त्याचा विचार.

"म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरचं काय काय काढूनच त्याचं पोट भरतं," जमिला म्हणाली, आणि माझ्याकडे बघून तिने ओठ मिटले. नीला उठून आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, घासायला एकही भांडं नसताना.

दोन्ही धटिंगण आम्ही रफीकच्या गाळणीने उचलून टाकीत आणले. मी समोर खुर्ची टाकून बसले. निळा मासा थोडा वेळ फिरला आणि तुझ्या माशाच्या कोपऱ्यासमोर येऊन थांबला. तोंड वर, पर ताणलेले, दाढी करायला बसलेल्या माणसासारखा. हा हलेना. मला वाटलं, उशीर झाला. उदय दाराला टेकून उभा होता. त्याचा चेहरा मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी होता तसा.

मग तो निघाला. सरळ गेला नाही, नाचत, झोके घेत गेला, आणि निळ्याच्या कल्ल्याखाली टोच मारली. मग दुसरी. मग शेपटीपासून डोक्यापर्यंत जो कामाला लागला तो थांबेना. निळ्याने जबडा उघडला आणि हा आत गेला आणि कल्ल्यातून बाहेर आला.

"जेवतोय गं, जेवतोय!" मी ओरडले. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला आवाज चढवल्याबद्दल कोपऱ्यात उभं करत. मदर सुपीरियरने मला जन्मभर उभं केलं असतं असा तो आवाज होता. जमिला आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडलो. पाटणकर वरून धावत आले, कुणी गेलं असं वाटून. मी त्यांनाही चहा दिला. बिनसाखरेचा दिला, पण दिला.

आज सकाळी तपकिरी मासा रांगेत उभा होता.

आई

ता.क. तू काय जेवतेस ते फोनवर विचारायचं राहिलं.


२७ सप्टेंबर १९८३

विजू,

तुझं पत्र आलं. उदयच्या नावावर. मी फोडलं.

आत चार पानं, चित्रांसकट. मासा रात्री स्वतःभोवती चिकट पडदा विणून झोपतो, हे वाचल्यावर मी दिवे मालवायच्या आधी टाकीत डोकावले. खरंच आहे. दगडाच्या फटीत मच्छरदाणी लावून झोपला होता. मी उदयला हाक मारली, नीलाला हाक मारली. तिला इस्पितळात रात्रपाळीला जायचं होतं, तरी चपला घालता घालता थांबून पाहून गेली.

चार पानांत माझ्यासाठी एकच वाक्य. 'आईला म्हणावं, टाकीत आणखी एखादा मोठा मासा सोडता आला तर बघ, दोघांवर त्याचं पोट कायमचं भरणार नाही.' 'आईला म्हणावं' म्हणजे काय? आई वाचता येणारी बाई आहे.

तरीही तुझं म्हणणं मी मनावर घेतलं. शुक्रवारी रफीकच्या गाडीतून जमिला, मी आणि उदय फहाहीलच्या मासळीबाजारात गेलो. तिथे जुबैदी म्हणजे आपलं पापलेट, त्याचे ढीग. पण जिवंत मासा मागितला तर सगळे आमच्याकडे बघायला लागले. जमिलाने तिच्या अरबीत एका कोळ्याला समजावलं की आम्हाला मासा हवा आहे, पण खायला नाही. आमच्या घरी एक लहान मासा आहे, त्याच्या जेवणासाठी हवा आहे. पण तो लहान मासा याला खाणार नाही. कोळ्याने विचारलं, "मग जेवणार काय?" जमिला म्हणाली, "मळ." तो माणूस आपल्या भावाला बोलवायला गेला. मग भावाने दुसऱ्या भावाला बोलावलं.

तिसऱ्या भावाच्या होडीत एक होता, पिवळसर, जाळ्यात पाठ खरचटलेला. आम्ही तो घेतला. त्याच्या पाठीवरचं सगळं तुझ्या माशाने दोन दिवसांत साफ केलं. जखमेची कडासुद्धा गुलाबी झाली. नीला म्हणते, वॉर्डात अशी एक नर्स हवी होती. मी म्हटलं, आहे की, पण तिला तू सासूबाई म्हणतेस. यावर मात्र ती माझ्या तोंडावर हसली. लग्न होऊन चार वर्षं झाली, पहिल्यांदाच.

माशाचं पोट भरलं आहे. रंगही उजळला. जांभळा रंग इतका वाईट नाही.

उदय अजून झोपेत दचकतो. त्याने मला शपथ घातली आहे की लैलाबाईंसमोर गणपतीचा 'ग' काढायचा नाही.

तुझी आई


९ ऑक्टोबर १९८३

विजू,

लैलाबाई काल आल्या. स्वतः आल्या, ड्रायव्हरला खाली ठेवून. त्यांची आई बरी आहे. मी त्यांना आधीच बघितलं असतं तर इतके दिवस उदयच्या भीतीवर विश्वास ठेवला नसता. ठेंगणी, थकलेली बाई. चपला दारात काढून आत आली आणि टाकीकडे बघितलंच नाही. माझ्याशी बोलली, नीलाशी बोलली, चहा घेतला, लंडनचा पाऊस सांगितला. टाकीकडे पाठ. मला आधी राग आला. मग लक्षात आलं, हिला बघवत नाहीये.

मी म्हटलं, "डॉक्टर, मागे वळा. तो जिवंत आहे."

त्यांनी कप खाली ठेवला आणि वळल्या. तुझा मासा त्या वेळी पिवळ्याच्या कानशिलात काम करत होता. त्या काचेला नाक लावून बसल्या. मग उलगडलं. कमालने याच्या आधी तीन आणले होते. तिन्ही त्यांच्याकडे मेले. दुकानवाल्याने सांगितलं होतं, दोनच मासे सोबत ठेवा, दाणे द्या. हाही जाणार, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. आपल्या डोळ्यांसमोर जाऊ नये, म्हणून टाकी आमच्याकडे ठेवली होती. उदयला काळजीवाहू माणूस म्हणून निवडलं ते खरं, पण मयताच्या काळजीसाठी.

उदयचा चेहरा बघण्यासारखा होता. मी मनात म्हटलं, आता सही होणार, आता गप्प बसायला हरकत नाही. आणि म्हणूनच मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "डॉक्टर, आणखी एक गोष्ट आहे. आमचा देव तुमच्या टाकीत गेला होता."

उदयने डोळे मिटले.

मी सगळं सांगितलं. शाडू, पाटणकर, दहीपोहे, ताक. मदर सुपीरियरने शिकवलेल्या इंग्रजीत 'विसर्जन' कसं सांगायचं याची मला थोडी अडचण झाली. 'आम्ही देव आणतो, त्याचे लाड करतो, आणि मग त्याला पाण्यात सोडतो,' असं सांगितलं. त्या अगदी गंभीरपणे ऐकत होत्या. शेवटी विचारलं, "आणि तुमचा देव? तो ठीक आहे ना?"

"तो विरघळला," मी म्हटलं. "तो विरघळण्यासाठीच असतो."

"अल्हमदुलिल्लाह," त्या म्हणाल्या, म्हणजे देवाची कृपा. नंतर आपण काय बोललो हे त्यांच्याच लक्षात आलं आणि त्या इतक्या हसल्या की नीलाने पाणी आणलं.

इकाम्याच्या कागदांवर सही झाली. आमच्याच टेबलावर, उदयच्याच पेनाने. जुन्या ड्रायव्हरचंही विचारून घेतलं. तो फुलदाणीमुळे गेला नव्हता, बहिणीच्या लग्नाला गेला आणि तिकडेच राहिला. फुलदाणी त्याने फोडली होती हे खरं, पण लैलाबाईंना ती फुलदाणी कधीच आवडत नव्हती. तुझ्या भावाने माझी झोप महिनाभर कशाच्या जोरावर उडवली ते बघ.

मग त्यांनी विचारलं, "पण हे तुम्हाला सांगितलं कुणी? इथल्या दुकानदारांना माहीत नाही."

मी म्हटलं, "माय डॉटर. ती होनोलुलूला आहे. या माशाबद्दल तिच्याइतकं कुणाला माहीत नसेल."

नीलाच्या हातातला ट्रे वाजला. नीलाच्या हाताला कंप आहे का काय, कळत नाही.

लैलाबाईंना तुझ्याशी बोलायचं आहे. टाकी त्या परत नेणार नाहीत. मासा इथे रुळला आहे, म्हणाल्या, आता हलवू नये. अधूनमधून शुक्रवारी बघायला येतील. तुझ्या भेटीच्या व्हिसासाठी दवाखान्यातला त्यांचा माणूस अर्ज घेऊन जाईल. मी मागितलेला नाही. त्यांनीच काढलं. उदयने लगेच तुझा पासपोर्ट नंबर काढून दिला, पाकिटात जपून ठेवलेला. इतके दिवस तो कशासाठी जपून ठेवला होता, हे मी विचारलं नाही.

डिसेंबरात विद्यापीठाला सुट्टी असते, असं तुझ्याच एका पत्रात होतं. त्या दिवसांत इथे हवा चांगली असते. बाहेर पडता येतं. स्वेटर लागेल. तुझ्याकडे नसेल, तिथे कुणी घालत नसेल. मी एक विणायला घेतला आहे, रंग विचारू नकोस.

उदयचं म्हणणं, तुला आतली खोली द्यावी, ती दोघं बाहेर झोपतील. काही गरज नाही. नीलाची रात्रपाळी असते, तिला दिवसा अंधार लागतो. मी बाहेर टाकीपाशी झोपते. पंप रात्रभर घुरघुरतो, त्याची सवय होते. तिथे आणखी एक खाट मावेल. मी टेप लावून पाहिलं आहे.

तुझी आई